कूलंट टॉप-अप, ग्राहकाच्या विनंतीवरून

नवी गाडी सर्व्हिसला दिली की काउंटरवरचा ॲडव्हायजर आपलं ऐकता ऐकता संगणकात टाइप करत असतो. आपण दहा वाक्यं बोलतो, तो चार शब्द लिहितो. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळते, आपण जॉबकार्डावर सही करतो आणि घरी येतो. माझ्या फायलीतल्या पहिल्या जॉबकार्डावर तक्रारीच्या रकान्यात जे इंग्रजीत छापलंय त्याचा अर्थ एवढाच: कूलंट टॉप-अप, ग्राहकाच्या विनंतीवरून. म्हणजे गाडीला काही झालेलं नव्हतं, मलाच हुक्की आली म्हणून मी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ओतून घेतलं! पुढे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात कंपनीच्या वकिलांनी हाच कागद वर धरला आणि विचारलं, यात तक्रार कुठे आहे?

गाडी शेवटी बदलून मिळाली. आता ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून विचारतात, कसं जमवलंत? फोनवर सांगायला गेलं की अर्धं राहून जातं, म्हणून बैजवार लिहून काढतोय.

माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून पाठवतो. २०२२ च्या दसऱ्याला गाडी घ्यायची ठरली. बेळगावच्या शोरूममध्ये वेटिंग संक्रांतीपर्यंतचं होतं आणि कोल्हापूरच्या डीलरकडे हव्या त्या रंगाची गाडी उभी होती. आम्हा बेळगावकरांना कोल्हापूर काही परकं नाही. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, पाय तिकडेच वळतात. टेम्पररी पासिंग करून गाडी आणली आणि इथल्या आरटीओत रीतसर केए-२२ करून घेतली. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, वर उपकर वेगळा. पुढच्या भांडणात हा कर महत्त्वाचा ठरला, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

दुखणं महिन्याभरातच सुरू झालं. गोव्याहून परत येताना चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा लाल दिवा लागला. बाजूला घेतली, थंड होऊ दिली, बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली खालच्या रेषेच्याही खाली. गाडीखाली थेंब नाही, होजपाइपला ओल नाही. मग गेलं कुठे? जांबोटीपर्यंत हळूहळू आलो, तिथे पाणी घातलं आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. ‘विनंतीवरून’ टॉप-अप झालं ते तेव्हाच.

आठवड्याभरात बाटली पुन्हा खाली. या वेळी मी डिपस्टिक ओढून बघितली. नव्या गाडीचं ऑइल वापरानं फार तर किंचित कमी होईल. इथे ते वरच्या खुणेच्या वर चढलं होतं. ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पिवळट-पांढरा चिकट थर. ज्यांचा धंदा लोखंडाचा आहे त्यांना यापुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पाणी ऑइलमध्ये जात होतं.

कोल्हापूरच्या डीलरला फोन केला. ते म्हणाले, ‘साहेब, बेळगावातलं सेंटर कंपनीचंच ऑथराइज्ड आहे, तिथेच दाखवा.’ बेळगावच्या सेंटरला गेलो, तर मॅनेजर म्हणाला, ‘गाडी तुम्ही तिकडनं घेतलाय, मोठं काम असलं तर सेलिंग डीलरनं बघायला पाहिजे की.’ त्यात ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या एसटी थांबल्या, आणि कोल्हापूरच्या डीलरला आयतं कारण मिळालं. ‘सध्या बॉर्डरवर वातावरण बरं नाही, आमचा टेक्निशियन पाठवता येणार नाही.’ तेव्हा ते खरंही होतं. पण वातावरण निवळलं, एसट्या सुरू झाल्या, ऊस कारखान्याला गेला, तरी टेक्निशियन काही आला नाही.

बेळगावच्या सेंटरने वॉरंटीत कामं केली, नाही असं नाही. आधी रेडिएटरचं झाकण बदललं. मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप. त्यानंतर हेड उतरवून गॅस्केट बदललं. दर वेळी गाडी परत देताना ‘टेस्ट ओके’. आणि दर वेळी थोड्या दिवसांनी ऑइल ताकासारखं. सेंटरवाले कूलंटची प्रेशर टेस्ट घ्यायचे ती गाडी रात्रभर उभी करून, इंजिन गार असताना. काटा हलायचा नाही. मी सांगत होतो, धातू तापला की पसरतो, तापल्यावर बघा. तिथला फोरमन कन्नड बोलणारा, बेळगावात असतात तसा तिन्ही भाषांत भांडू शकणारा. एकदा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘सर, ब्लॉकमध्येच आहे हो. पण मी लिहिलो तर माझं काय?’ म्हणजे दोष इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यातच. त्या माणसाबद्दल मला आजही राग नाही.

पहिलं जॉबकार्ड वाचल्यापासून मात्र मी एक नियम केला होता. तक्रार मी घरून टाइप करून न्यायचो, दोन प्रती. ‘कूलंट कमी होते, बाहेर गळती नाही, ऑइलची पातळी वाढते, फिलर कॅपखाली पांढरट थर, किलोमीटर इतके.’ एक प्रत त्यांना, दुसरीवर त्यांचा शिक्का. ॲडव्हायजर म्हणायचा, ‘सिस्टममध्ये एवढं बसत नाही.’ मी म्हणायचो, ‘सिस्टममध्ये बसू दे नाहीतर नको, मला शिक्का दे.’ शिक्का दिला नाही त्या दिवशी तोच मजकूर काउंटरवर उभा राहूनच कंपनीला मेल केला. डिपस्टिकचे, झाकणाचे, ओडोमीटरचे फोटो काढले. बदलून काढलेले पार्ट मागितले. ते वॉरंटीत कंपनीकडे जातात म्हणून मिळत नाहीत, पण मागितल्याची नोंद राहते.

शेवटी कंपनीकडून तोडगा आला: शॉर्ट ब्लॉक बदलून देतो. म्हणजे इंजिनाचा खालचा सगळा भाग नवा. ऐकायला बरं वाटतं. घरचेही म्हणाले, घ्या की बदलून, मिटवा एकदाचं. मी नको म्हटलं. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मग आरसीवर आरटीओकडून नोंद, विम्याला कळवणं, आणि पुढे गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न विचारणार, इंजिन का बदललं? अॅक्सिडेंटची आहे का? आमच्या धंद्यात मशीनिंग करताना कास्टिंगमध्ये एक ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेली पोकळी, उघडं पडलं तर अख्खा पीस रिजेक्ट होतो. त्यावर आम्ही घातलेले तास गेले, वर डेबिट नोटही येते. साडेतीनशे रुपयांच्या फ्लँजला जो न्याय, तो अकरा-बारा लाखांच्या गाडीला का नाही, या प्रश्नाचं उत्तर मला कस्टमर केअरच्या एकाही मेलमध्ये मिळालं नाही. त्या मेलच्या शेवटी नेहमी एकच ओळ असायची, आपल्या समाधानाला आम्ही बांधील आहोत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती मराठीतही घेतात. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीला तक्रार पाठवते आणि कंपनीचं उत्तर आपल्याला कळवते. कंपनीचं उत्तर आलं: ‘ग्राहकाशी संपर्क साधला असून दुरुस्तीचा प्रस्ताव दिला आहे.’ मला त्यातला फायदा वेगळाच दिसला. दोष आहे म्हणूनच दुरुस्तीचा प्रस्ताव, हे आता त्यांच्याच लेखी उत्तरात आलं होतं.

मग वकील गाठले. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. पण समोर गाडीची कंपनी असली की तिचे वकील बंगळुरूहून येतात, आणि प्रकरण यंत्राच्या पोटातलं. आमचे वकील टिळकवाडीतले, बोलणं मोजकं. फाइल चाळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पहिली तक्रार कधीची?’ ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात जावं लागतं. सर्व्हिस सेंटर ‘बघूया की’ म्हणत गाडी आत-बाहेर करत राहतं आणि त्यात ही दोन वर्षं निघून जातात, असं त्यांनी बऱ्याच जणांचं पाहिलेलं. आमचं एक वर्षही झालं नव्हतं.

दुसरा प्रश्न: दावा कुठे लावायचा? डीलर कोल्हापूरचा, कंपनी तिसऱ्याच राज्यातली. १९८६ च्या जुन्या कायद्यात मला कोल्हापूरला जावं लागलं असतं किंवा बेळगावात कारण घडलं हे पटवत बसावं लागलं असतं. नव्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. सीमाभागातल्या माणसाला या एका ओळीचं मोल कळेल. खरेदी निपाणीच्या पलीकडे, राहणं अलीकडे, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे.

फीबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. वस्तूसाठी प्रत्यक्ष मोजलेली किंमत धरून फी ठरते: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाख २०० रुपये, दहा ते वीस लाख ४०० रुपये. मी ४०० रुपये भरले. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. डिसेंबर २०२१ पासून ही मर्यादा आहे. अर्ज तेव्हाच्या ई-दाखिल पोर्टलवर केला. २०२५ पासून त्या जागी ई-जागृती आलंय. ऑनलाइन भरलं तरी कागदाचे गठ्ठे काही चुकत नाहीत. आयोगासाठी, प्रत्येक सामनेवाल्यासाठी आणि आपल्यासाठी एकेक संच, प्रत्येक पानाला क्रमांक, प्रतिज्ञापत्र नोटरीकडून. कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. कोल्हापूरच्या सेल्समनबरोबरचं माझं व्हॉट्सॲप सगळं मराठीत, तेव्हा त्याचं इंग्रजी करून मूळ स्क्रीनशॉटसह जोडलं. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली असायचं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

मागणी काय करायची यावर वकिलांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. ‘गाडी बदलून द्या’ एवढंच लिहिलं आणि तसाच आदेश झाला, तर नव्या गाडीचा १७ टक्के कर कोण भरणार? विमा कोण भरणार? म्हणून मागणी अशी लिहिली: त्याच मॉडेलची नवी गाडी, नोंदणी, आजीवन कर आणि पहिल्या वर्षाच्या विम्यासह, ते मॉडेल बंद झालं असेल तर गाडीची पूर्ण किंमत, कर, विमा व्याजासह परत, शिवाय मनस्ताप आणि दाव्याचा खर्च. सामनेवाले तीन: कंपनी, कोल्हापूरचा डीलर, बेळगावचं सर्व्हिस सेंटर. तिघांनाही ओढायचंच, असं वकील म्हणाले. कारण एकाला वगळलं की उरलेले दोघं सगळं त्याच्यावर ढकलतात.

नोटीस मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस, आयोगाने सवलत दिली तर आणखी १५. त्यापुढे नाही, मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय. सर्व्हिस सेंटरवाल्यांना बहुधा वाटलं, कंपनी बघून घेईल. त्यांचे वकील ४५ दिवस उलटून गेल्यावर म्हणणं घेऊन उभे राहिले आणि आयोगाने ते दाखल करून घेतलं नाही. मुख्य साक्षीदार ठरू शकला असता असा सामनेवाला असा बसल्या जागी गार झाला.

डीलरचं म्हणणं: इन्व्हॉइसच्या तळाला ‘फक्त कोल्हापूर न्यायक्षेत्र’ असं छापलंय. आमचं उत्तर: कायद्याने दिलेला हक्क बिलाच्या तळाच्या बारीक अक्षरांनी जात नाही. कंपनीचं म्हणणं लांबलचक होतं. गाडी हजारो किलोमीटर चालली, म्हणजे ती चालते. वॉरंटीच्या पुस्तकात सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, गाडी बदलून देण्याचं नाही. त्याला आधार सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या एका निकालाचा. आणि शेवटी, गाडी धंद्यासाठी वापरली जाते म्हणून मी ग्राहकच नाही. पुरावा? सेंटरमध्ये गाडी आत घेताना चारी बाजूंनी फोटो काढतात, त्यातल्या एकात डिकीत फ्लँजचा खोका दिसत होता! हसावं की रडावं कळेना. गाडी माझ्या वैयक्तिक नावावर, युनिटच्या हिशेबात नाही, तिच्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नाही, हे सीएच्या दाखल्यासह दिलं आणि तो मुद्दा तिथेच संपला. गाडी फर्मच्या नावावर घेऊन कर वाचवणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा.

मधल्या काळात मध्यस्थीही झाली. आयोगाला जोडून मध्यस्थी कक्ष असतो, दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण तिकडे जातं. टेबलाच्या पलीकडून पुन्हा तोच शॉर्ट ब्लॉक आला, या वेळी वाढीव वॉरंटीची फोडणी देऊन. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि प्रकरण परत आलं.

खरा दावा तज्ज्ञाच्या अहवालावर उभा राहतो. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर योग्य ठिकाणी तपासणी करून घ्यायचा अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिलाय, आणि त्याची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतात. आम्ही अर्ज केला. कंपनीने हरकत घेतली, आमच्या प्लँटमध्ये तपासणी करू. आयोगाने ते मानलं नाही आणि इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांना नेमलं.

तपासणी एका वर्कशॉपमध्ये झाली. एका बाजूला मी आणि माझे वकील, दुसऱ्या बाजूला कंपनीचे दोन इंजिनिअर, डीलरचा माणूस. इंजिन खाली उतरवलं, ब्लॉक उघडा केला, धुऊन घेतला. प्राध्यापकांनी आधी तांबडं डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग, मारून वरून पांढरं डेव्हलपर फवारलं. भेग असती तर तांबडी रेघ उठली असती. उठली नाही. कंपनीच्या इंजिनिअरचा चेहरा खुलला. माझाही खुलला, पण वेगळ्या कारणाने. त्यांचं म्हणणं होतं की मी घाटात गाडी तापवली म्हणून ब्लॉक तडकला. भेगच नाही म्हटल्यावर तो आरोप त्यांच्याच समोर निकालात निघाला.

मग पाण्याच्या वाटांना रबर लावून प्लेटा आवळल्या, एका प्लेटमधून हवेचा पाइप आत घेतला, आणि ब्लॉक पाण्याच्या टाकीत बुडवला. दोन बार हवा सोडली. पाणी गार होतं. काही नाही. प्राध्यापकांनी हीटर लावायला सांगितलं. पाणी तापत गेलं तशी टाकीच्या कडेला सगळ्यांची दाटी झाली. ऐंशी अंशांच्या आसपास ऑइल गॅलरीच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेच्या, भोकातून एक बुडबुडा आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा, आणि त्यापाठोपाठ एकसारखी माळ. ‘फिटिंग लूज असेल,’ कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. प्राध्यापक काही न बोलता उठले, फिटिंग बदलायला लावलं, सील नवं घातलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. बुडबुडे त्याच भोकातून.

पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्यामधल्या भिंतीत कास्टिंगच्या वेळीच राहून गेलेली पोरॉसिटी, म्हणजे बारीक छिद्रं. गार असताना बंद, तापली की उघडी. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, तेव्हा ऑइल पाण्याकडे. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो पण तापलेल्या कूलंटचा दाब टिकून असतो, तेव्हा पाणी ऑइलकडे. गाडी चालताना धड आणि उभी केल्यावर बिघडते, हे मी इतके दिवस ज्याला त्याला सांगत होतो ते आता सहीशिक्क्यानिशी अहवालात आलं. शेवटी एक वाक्य: हा दोष उत्पादनाच्या वेळचा आहे, वापरामुळे झालेला नाही.

त्यानंतरही तारखा पडतच राहिल्या. कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न हा शब्द कायद्यात फार विचार करून घातलेला दिसतो. कधी सदस्य रजेवर, कधी वकील बंगळुरूत अडकलेले, डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन म्हणून निम्मं गाव बंदोबस्तात. ऑफिसात चौकशीला गेलं की, ‘नाळे बर्री सर,’ म्हणजे उद्या या. या सगळ्या काळात गाडी सेंटरच्या आवारात धूळ खात उभी, बँकेचा हप्ता दर महिन्याला चालू, विम्याचं नूतनीकरणही केलं. वरून सेंटरने दिवसाला अमुक रुपये पार्किंग भाड्याची नोटीस पाठवली. वकिलांनी ती नोटीसही पुराव्यात लावून टाकली. मेव्हणे म्हणाले, ‘विकून टाका ती कटकट, हप्ता तरी सुटेल.’ वकिलांनी डोक्याला हात लावला. दावा चालू असताना गाडी विकली की बदलून मागायला हातात राहतं काय?

निकाल आमच्या बाजूने लागला. २००६ च्या निकालावर आयोगाने लिहिलं की दुरुस्तीने दोष जात असेल तिथे भाग बदलणं पुरेसं. इथे दुरुस्त्या होऊनही दोष राहिला आणि उत्पादनातला दोष स्वतंत्र तज्ज्ञाने सिद्ध केला. आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल दिला होता, त्यात तज्ज्ञाने मूळचा उत्पादनदोष सांगितला तर गाडीच्या किमतीबरोबर आजीवन करही परत करायला सांगितला आहे. कर आणि विम्यासकट गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे व्याजासह परत, असा आदेश कंपनी आणि डीलरवर. सेवेतल्या त्रुटीबद्दल भरपाई सर्व्हिस सेंटरवर.

कंपनी ४५ दिवसांच्या मुदतीत राज्य आयोगात अपिलात गेली. अपील करणाऱ्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे त्यांचेही पैसे अडकले आणि बोलण्याचा सूर बदलला. त्यांचा नवा मुद्दा होता घसारा: गाडी इतके किलोमीटर वापरली, तेवढे पैसे कापा. वकील म्हणाले, यावर कसा निकाल लागेल याची खात्री देता येत नाही, वर्षं मात्र जातील. शेवटी दोन्हीकडून थोडं सोडलं. त्यांनी घसारा सोडला, मी मनस्तापाची भरपाई सोडली. ते मॉडेल तोवर नव्या तोंडवळ्यात आलं होतं, फरकाची रक्कम न घेता तेच द्यायचं ठरलं. समझोता लेखी, राज्य आयोगासमोर नोंदवून घेतला. तोंडी बोलीवर अपील मागे घेऊ दिलं आणि पुढे कुणी शब्द फिरवला तर पुन्हा कलम ७१ खाली अंमलबजावणीच्या मागे लागा, त्यापेक्षा हे बरं. नव्या गाडीची डिलिव्हरी बेळगावातच घेईन अशी अट मी मुद्दाम घालून घेतली.

जुनी गाडी परत देणं हेही एक प्रकरणच. आरसीवर बँकेचा बोजा होता, तेव्हा आधी बँकेचं ना-हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. कर्ज नव्या गाडीवर वळवायला बँकेला महिना लागला. मग मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘सह्या करून द्या, बाकी आम्ही भरतो.’ मी सगळे रकाने तिथेच भरायला लावले, तारखेसकट, आणि झेरॉक्स घेतल्या. गाडी माझ्या नावावर असेपर्यंत तिचं काहीही झालं तरी पोलीस माझ्याच दारात येणार. ताबापावतीवर वेळसुद्धा लिहून घेतली. विम्याचा नो-क्लेम बोनस नव्या पॉलिसीला लावून घेता येतो, तोही मागून घ्यावा लागतो. आपण होऊन कुणी देत नाही.

इंजिन खाली काढलेलं असल्याने जुनी गाडी ट्रकवर चढवून नेली. फास्टॅग बंद करायचा अर्ज बँकेकडे आदल्या दिवशीच दिला होता, पण बँकेचं काम बँकेच्या चालीने. संध्याकाळी मोबाइलवर कोगनोळी नाक्याचे पैसे कापल्याचा मेसेज आला. ट्रकचा टोल ट्रकने भरलाच असेल, वर काचेवरच्या टॅगमधून माझेही गेले. कंपनीला मेल केला, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि ताबापावतीवरची वेळ जोडून. ते पैसे अजून आलेले नाहीत, पण मेलला उत्तर आलंय. माझ्या समाधानाला ते बांधील आहेत म्हणे.